सिस्टरच्या पाठीशी कोण?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला माझी जागा आत, स्वयंपाकघराच्या बाजूला असते. सतरंज्या घालणे, चहाचे आधण ठेवणे ही माझी कामे. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "परवा गिरणीवर तुम्ही दवाखान्याची हकिगत सांगितलीत ना, ती सभेत सांगा." मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई, मला भाषण कसले येते?" त्या म्हणाल्या, "भाषण नकोच, हकिगतच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. माझी भाची इस्पितळात सिस्टर आहे. तिने सांगितलेल्या गोष्टी आणि आकडे मी वहीत उतरवून आणले आहेत, ते मधूनमधून वाचून दाखवीन. चुकले तर पदरात घ्या.

२०२२ सालच्या श्रावणात माझ्या सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. जिल्ह्याच्या गावी इस्पितळात ठेवले. त्या इस्पितळाचे नाव मी घेणार नाही, कारण माझे सांगणे कुणा एका इस्पितळाविरुद्ध नाही. शिवाय पुढे ऐकाल तर यात मोठा दोष माझाच आहे.

वॉर्डात तीसएक रुग्ण, आणि रात्रीला सिस्टर एकच. सासूबाई उताण्या पडून. चौथ्या दिवशी अंग पुसताना पाहिले, तर माकडहाडापाशी कातडी लाल झालेली. आपल्या घरी अशा वेळी काय करतात? तेल लावून चोळतात. मी घरून खोबरेल तेलाची बाटली नेलीच होती, ती काढून चोळायला बसले. तेवढ्यात एक तरुण सिस्टर आली. वय तेवीस-चोवीस असेल. म्हणाली, "काकू, लाल झालेली जागा चोळू नका. आतली कातडी आणखी दुखावते. त्या जागेवरचा भार काढायला हवा. दर दोन तासांनी आजींची कूस बदलूया. ऑपरेशनची बाजू सांभाळून कसं धरायचं ते मी दाखवते. मी हात लावीन, तुम्हीही लावा, रात्रीसुद्धा."

भगिनींनो, मला काय वाटले ते खरे सांगते. मला वाटले, ही पोरगी आपले काम माझ्या गळ्यात घालते आहे. आदल्या दिवशीच्या सिस्टरने तर स्पिरिट पुसून पावडर लावली होती, आणि ही काहीच लावत नाही, उलट मलाच शिकवते! मी तडक उठले आणि वॉर्डच्या मोठ्या सिस्टरकडे जाऊन तक्रार केली.

मोठ्या सिस्टरने तिला सगळ्यांदेखत बोलावले. "नातेवाइकांना शिकवायला ठेवलंय का तुला? इथं स्पिरिट-पावडरची पद्धत आहे, तीच कर." मुलगी खाली मान घालून "हो मॅडम" म्हणाली आणि निघून गेली. मला त्या वेळी बरे वाटले. हे सांगताना आज लाज वाटते, पण वाटले खरे.

आठव्या दिवशी कातडी फाटली. पंधराव्या दिवशी घरी आणले तेव्हा तिथे रुपयाएवढी खोल जखम होती. हाड जुळले, ऑपरेशन चांगले झाले, त्याबद्दल डॉक्टरांचे उपकारच आहेत. पण ती जखम भरायला चार महिने लागले. रोज पट्टी बदलताना सासूबाई दात ओठ खात. एकदा मला म्हणाल्या, "अगं, पाय मोडला त्याचं काही वाटत नाही, पण या जखमेनं मला सुखानं पाठ टेकू दिली नाही."

दिवाळीला माझी भाची आली. तिने जखम पाहिली आणि सगळी हकिगत विचारली. ऐकून थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मावशी, ती मुलगी बरोबर सांगत होती."

मग तिने मला डोरीन नॉर्टन या बाईंची गोष्ट सांगितली. ही इंग्लंडमधील परिचारिका. म्हातारे रुग्ण अंथरुणाला खिळले की त्यांच्या अंगावर जखमा पडतात, आणि प्रत्येक वॉर्डात त्यावर वेगळा उपाय चालतो, हे त्या बघत होत्या. कुणी स्पिरिट चोळी, कुणी मलम, कुणी पावडर. जो तो म्हणे आमचाच उपाय चांगला. नॉर्टनबाईंनी दोन सहकाऱ्यांबरोबर हे नीट तपासून पाहिले आणि १९६२ साली त्याचे पुस्तक काढले. निष्कर्ष असा, की काय चोळले याला महत्त्व नाही. वेळच्या वेळी कूस बदलून त्या जागेवरचा भार काढणे, याला महत्त्व आहे. धोका कुणाला जास्त हे ओळखायला त्यांनी एक सोपा तक्ताही केला. रुग्णाची प्रकृती कशी, शुद्ध किती, हिंडतो फिरतो का, हातपाय हलवतो का, लघवी-शौचावर ताबा आहे का, अशा पाच गोष्टी पाहून प्रत्येकीला एक ते चार गुण द्यायचे. एकूण वीस. बेरीज चौदा किंवा त्याहून कमी आली, की या माणसाला जपा. आज यात आणखी भर पडली आहे. दोन तासांचा नियमही दगडावरची रेघ नव्हे. गादी कशी आहे, माणसाची कातडी कशी आहे, हे पाहून वेळ ठरवतात. पण लाल जागा चोळू नये आणि भार काढावा, हे कायम आहे.

माझ्या मनात आले, १९६२ म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. एवढ्या वर्षांपूर्वी एका परिचारिकेने शोधलेली गोष्ट, आणि २०२२ साली ती सांगणाऱ्या मुलीला मी ओरडा बसवला!

मी भाचीला विचारले, "अगं, तिला एवढं ठाऊक होतं, तर तिनं हट्ट का नाही धरला?" भाची हसली. म्हणाली, "मावशी, कळणं वेगळं आणि करायला मिळणं वेगळं." १९९१ साली अमेरिकेत सँड्रा फंक आणि त्यांच्या सहकारी बाईंनी परिचारिकांना हेच विचारले होते. शास्त्राने सिद्ध झालेली गोष्ट रुग्णापर्यंत नेताना तुम्हाला काय आडवे येते? कारणांची मोठी यादी दिली होती. परिचारिकांनी सर्वांत वर कोणते कारण सांगितले असेल? 'काम करण्याची रीत बदलण्याचा अधिकार आमच्या हाती नाही.' आणि त्याच्या पाठोपाठ, 'नवे काही करायला कामाच्या वेळात सवड नाही.' म्हणजे पाहा, अधिकार आणि सवड. या दोन्ही गोष्टी सिस्टर स्वतःच्या घरून आणू शकत नाही. त्या वरूनच मिळाव्या लागतात.

मला हे लगेच पटले. आपल्याच घरात बघा ना. नव्या सुनेला वरण किती शिजवावे ते नीट ठाऊक असते, पण सासू म्हणाली की आमच्याकडे असेच करतात, तर ती कूकर उतरवील की ठेवील?

आपण सगळ्याजणी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव शाळेत ऐकलेले आहे. हातात दिवा घेऊन रात्री जखमी शिपायांना बघणारी दयाळू बाई, एवढेच आपल्याला माहीत. भाची म्हणाली, ती बाई दिव्याइतकीच आकड्यांची होती. १८५४ साली ती तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेली. तिथे शिपाई जखमांपेक्षा रोगांनीच जास्त मरत होते. १८५५ च्या वसंतात सरकारने माणसे पाठवून इस्पितळाखालची तुंबलेली गटारे साफ केली, हवा खेळती केली, आणि मृत्यू झपाट्याने उतरले. परत आल्यावर नाइटिंगेलबाईंनी सगळे आकडे मांडले आणि त्यांची चित्रे काढून वरच्या लोकांपुढे ठेवली. यातून मला दोन गोष्टी समजल्या. परिचारिकेने मोजमाप करणे हे आजचे खूळ नव्हे, ते तिच्या कामात पहिल्यापासून आहे. आणि नुसत्या सेवेने गटार साफ होत नाही, त्याला वरून हुकूम लागतो.

आता वरून खरोखर पाठिंबा मिळाला तर काय होते, त्याची एक गोष्ट सांगते. ही मला सर्वांत आवडली.

फार आजारी माणसाच्या मोठ्या शिरेत, बहुधा मानेपाशी, औषधासाठी एक नळी घालतात. त्या नळीवाटे जंतू शिरले तर माणूस दगावतो. ते टाळायला काय करायचे हे डॉक्टरांना ठाऊक असतेच. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात २००१ साली पीटर प्रोनोव्होस्ट नावाच्या डॉक्टरांनी त्याच साध्या गोष्टींची यादी कागदावर लिहिली. हात साबणाने धुणे, कातडी जंतुनाशकाने पुसणे, रुग्णाला निर्जंतुक कापडाने झाकणे, स्वतः टोपी, मास्क, झगा, हातमोजे घालणे. मग त्यांनी सिस्टरांना सांगितले, महिनाभर नुसते पाहा आणि लिहून ठेवा. तेव्हा कळले, की तीनांतील एकीपेक्षा जास्त रुग्णांच्या बाबतीत डॉक्टर काही ना काही विसरत होते.

पुढची पायरी महत्त्वाची आहे. इस्पितळाच्या चालकांनी सिस्टरांना अधिकार दिला, की डॉक्टर एखादी गोष्ट विसरला तर त्याला तिथेच थांबवा, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. यादी तीच, सिस्टरही त्याच. बदलला तो फक्त अधिकार. वर्षभरात नळीचे जंतुदोष तिथे जवळजवळ नाहीसे झाले.

नंतर मिशिगन राज्यात शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत हेच केले. तिथे प्रत्येक विभागाला इस्पितळाचा एक वरिष्ठ अधिकारी जोडून दिला. त्याने दर महिन्याला येऊन सिस्टरांना विचारायचे, तुम्हाला काय अडते? तेव्हा कुठे त्या अधिकाऱ्यांना कळले, की कातडी पुसायचे क्लोरहेक्झिडीन नावाचे जंतुनाशक बऱ्याच विभागांत ठेवलेलेच नाही! सिस्टर काय कपाळ करणार? त्यांनी ते आणवून दिले. आधी नळी घातलेल्या दर १००० दिवसांमागे मधल्या विभागात २.७ जंतुदोष होत. तीन महिन्यांत मधल्या विभागाचा आकडा शून्यावर आला, आणि दीड वर्ष तो तसाच राहिला. २००६ साली हे सगळे छापून आले.

यात कुठलेही नवे औषध नव्हते की महागडे यंत्र नव्हते.

आता आपल्या देशातील एक गोष्ट. कमी वजनाचे बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायचे, त्याला कांगारू पद्धत म्हणतात. आपल्यापैकी काहीजणींनी ती केली असेल. पूर्वी बाळ सावरले की मगच ते आईजवळ देत. तोवर बाळ काचेच्या पेटीत आणि आई दुसऱ्या वॉर्डात रडत. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत पाहिले, की जन्मल्यापासूनच आईजवळ दिले तर काय होते. त्यात दिल्लीचे सफदरजंग इस्पितळ होते. एक किलो ते १.८ किलोच्या आतली, ३,२०० हून अधिक बाळे. २०२१ साली निकाल छापून आला. आधीच्या रीतीत २८ दिवसांच्या आत शंभरातली १५.७ बाळे दगावली, आईजवळ दिलेल्यांत १२. फरक इतका स्पष्ट दिसला, की बाकीच्या बाळांना वंचित ठेवणे बरे नव्हे म्हणून ती तपासणी मुदतीआधीच थांबवली.

पण भगिनींनो, आईजवळ द्यायचे म्हणजे आईला जागा हवी ना! त्यासाठी बाळांच्या अतिदक्षता विभागातच आयांच्या खाटा घालाव्या लागल्या. बाळ छातीशी कसे बांधायचे हे सिस्टर आईला दाखवील, पण खाट घालण्याचा हुकूम काही सिस्टर काढू शकत नाही. एका खाटेच्या हुकुमावर बाळाचा जीव असतो, हे मला तेव्हा कळले.

माझी भाची काम करते तिथे एवढे मोठे काही झाले नाही, पण जे झाले ते सांगण्याजोगे आहे. तिथल्या मेट्रनबाईंनी, म्हणजे अधिसेविकांनी, अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येक रुग्णाच्या पायथ्याशी एक कागद लावायला सांगितला. किती वाजता, कोणत्या कुशीवर, कुणी वळवले, आणि सही. पहिल्या महिन्यात काय झाले? कागदावर सह्या भरपूर, पण रुग्ण होते तिथेच. एके रात्री तीन वाजता मेट्रनबाई स्वतः वॉर्डात आल्या. सगळ्याजणी घाबरल्या. पण त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "खोटी सही करावीशी वाटली, म्हणजे हात कमी पडताहेत. किती हवेत ते सांगा." दुसऱ्या दिवसापासून रात्रीला आणखी एक मावशी त्या वॉर्डात आली. नातेवाइकांना कसे वळवायचे ते शिकवायला सिस्टरांना परवानगी मिळाली. आणि आठवड्यातून अर्धा तास सगळ्यांनी बसून नवे काय समजले ते बोलायचे, ही वेळ कामातच धरली. भाची म्हणते, "मावशी, त्यानंतर कागद खरा झाला."

आता त्या पहिल्या इस्पितळातील मोठ्या सिस्टरबद्दलही मला दोन शब्द बोलले पाहिजेत. मी तिला दोष देत नाही. तीस रुग्ण, ढीगभर रजिस्टरे, वरून विचारणा फक्त खाटा किती भरल्या याची. तिच्या पाठीशी तरी कोण होते? जिला कुणी कधी सवड दिली नाही, ती दुसरीला कुठून देणार?

पुढे २०२३ च्या संक्रांतीला मी तिळगुळाचा डबा घेऊन त्या इस्पितळात गेले. त्या मुलीला शोधले. ती आता मुलांच्या वॉर्डात होती. मी म्हटले, "बाई, तू खरं सांगत होतीस, मी तुझी तक्रार केली. मला क्षमा कर." तिने तिळगूळ घेतला. म्हणाली, "काकू, तुमचा राग नाही हो. सगळे असंच करतात. पण त्या दिवसापासून मी कुणाला काही सांगणंच सोडलं. सांगितलं तेवढंच काम करते."

भगिनींनो, हे वाक्य मला अजून टोचते. सासूबाईंची जखम चार महिन्यांनी भरली. त्या पुढे तुळशीपर्यंत चालत गेल्या, २०२४ साली वयोमानाने शांतपणे गेल्या. पण त्या मुलीचे तोंड मी मिटवले, त्यामुळे नंतर कितीजणांना न सांगता राहिले असेल, त्याचा हिशेब माझ्यापाशी नाही. आपण म्हणतो, वरच्यांनी सिस्टरला पाठिंबा द्यावा. पण खाटेजवळ बसलेली बाईसुद्धा एक वरची असते. तिने तक्रार केली तर सिस्टरला बोलणे बसते. तिने चांगले म्हटले तर सिस्टरचा हात बळकट होतो.

म्हणून मंडळापुढे माझ्या चार सूचना आहेत.

एक. सिस्टर एखादी गोष्ट वेगळी सांगत असेल तर आधी विचारावे, "असं का, मला समजावून सांगाल?" तक्रार त्यानंतर. ती चुकतही असेल, पण विचारल्याशिवाय ते कळणार नाही.

दोन. जिने चांगले केले तिचे नाव लिहून इस्पितळाच्या वरिष्ठांना पत्र द्यावे. तक्रारीची पत्रे आपण आवेशाने लिहितो, शाबासकीचे कोणी लिहीत नाही. हे पत्र लिहायला मंडळाने मदत करावी.

तीन. सरकारी इस्पितळांना रुग्ण कल्याण समिती असते. आपल्या मंडळातर्फे तिथे तीन प्रश्न विचारावे. रात्री वॉर्डात सिस्टर किती असतात? हात धुवायला पाणी, साबण आणि पुसायचे औषध खाटेजवळ असते का? आणि सिस्टरांना नवे शिकायला कामाच्या वेळात सवड आहे का? भांडायला नव्हे, विचारायला जायचे. कुणी विचारते आहे, हे कळले तरी पुष्कळ होते.

चार. आपल्यापैकी ज्यांच्या घरी कुणी अंथरुणावर आहे, त्यांनी आज घरी जाऊन माकडहाड, टाचा आणि खुबे पाहावे. लाल दिसले तर चोळू नये, भार काढावा आणि सिस्टरला किंवा डॉक्टरांना दाखवावे. कूस कशी बदलायची ते दाखवायला माझी भाची पुढच्या महिन्यात मंडळात येणार आहे. तिला मी शब्द दिला आहे, की आमच्या बायका मुकाट ऐकणार नाहीत, प्रश्न विचारतील.

घरी गेल्यावर खोबरेल तेलाची बाटली दिसली, की मला ती मुलगी आठवते. तुमच्यापैकी कुणावर इस्पितळात बसायची वेळ न येवो. आली, तर माझी चूक तुम्ही करू नका.

 चहा तयार आहे, तो मात्र आज मी केलेला नाही.